जास्वंदीवरचा पांढरा कापूस: धुतला, फवारला, तरी परत का येतो?

जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरं, कापसासारखं काहीतरी लागतं. पानं आकसून त्यांचा गुच्छ होतो, कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. मग कुणीतरी कडुनिंबाचं तेल सुचवतं, फवारणी होते, आठवडाभर झाड स्वच्छ दिसतं आणि महिना उलटायच्या आत कापूस पुन्हा हजर. आमच्या सोसायटीत ही रड दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, उन्हाळ्यात टिपेला पोचते आणि पाऊस लागला की तात्पुरती थांबते. ज्यांच्या बाल्कनीत पाऊस येतच नाही, त्यांच्याकडे तर बारमाही. "नीम ऑइल मारलं हो, तरी जात नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी तेलाबद्दल काही विचारतच नाही. आधी विचारते, कुंडीत मुंग्या आहेत का?

कारण बहुतेक वेळा तेलाचा दोष नसतो. तेल पानांवर पडतं. कीड मात्र सालीच्या भेगेत, मातीखाली, शेजारच्या झाडावर, नाहीतर कुंडीला हौसेनं गुंडाळलेल्या सुतळीत बसलेली असते, आणि मुंग्या तिची राखण करत असतात. या जागा तशाच ठेवून झाडावर कितीही फवारलं, तरी पंधरा दिवसांनी तेच.

आधी कीड ओळखा

हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. शहरात सगळे मिलीबग म्हणतात. पुष्कळजण त्याला बुरशी समजून बुरशीनाशक मारतात आणि ते वाया जातं. खात्री करायला एक पुंजका काडीनं उचलून कागदावर दाबा. चिकट, गुलाबी किंवा पिवळसर डाग पडला तर कीड. कोरडी पांढरी पूड नुसती पुसली गेली तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल फिरवल्यासारख्या पांढऱ्या रेषा असतील तर ती पांढऱ्या माशीची एक जात आहे, तिचा विचार वेगळा. आणि कोवळ्या शेंड्यावर दाटीनं बसलेले बारीक हिरवे-काळे किडे म्हणजे मावा. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही बराचसा जातो, त्याची एवढी धास्ती नको.

जास्वंदीवर पिठ्या ढेकणाच्या दोन-तीन जाती येतात. शेंडा गुच्छासारखा आकसलेला असेल, पानं जाड आणि सुरकुतलेली असतील, तर गुलाबी पिठ्या ढेकणाची शक्यता जास्त. रस शोषताना तो झाडात जी लाळ सोडतो तिच्यामुळे कोवळी वाढ वेडीवाकडी होते. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार याला चांगले ओळखून आहेत. दुसरा कपाशीवरचा. 2005-06 च्या सुमारास तो आपल्या देशातल्या कपाशीवर एकदम वाढला, आणि तेव्हापासून जास्वंद, भेंडी, गाजरगवत, जे मिळेल त्यावर राहतो. तिसरा पपईवरचा. हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. 2008 मध्ये कोईम्बतूरला सापडला आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांवर आला. घरच्या कुंडीपुरता तिघांवर उपाय एकच, म्हणून भिंग घेऊन जात ओळखत बसायची गरज नाही.

गरज आहे ती त्याचं आयुष्य समजून घ्यायची. मादीला पंख नसतात. ती कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते. अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे साधं पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. अंड्यांच्या पिशवीतही औषध नीट शिरत नाही. साधारण आठवडाभरात अंडी फुटतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं बाहेर पडतात. ती वाऱ्यानं, मुंग्यांबरोबर, तुमच्या बाहीला किंवा कात्रीला लागून पसरतात. या पिल्लांच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं, म्हणून फवारणी खरी लागू पडते ती यांनाच. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत उबदार हवेत साधारण महिना लागतो. म्हणजे एकदा फवारून थांबलात तर त्या दिवशी पिशवीत असलेली सगळी अंडी तुम्ही स्वतःच राखून ठेवलीत. दर सहा-सात दिवसांनी, किमान महिनाभर, झाड स्वच्छ दिसत असलं तरी. लोकांचा कंटाळा नेमका दुसऱ्या फवारणीनंतर सुरू होतो, कारण तोवर झाड छान दिसायला लागलेलं असतं.

मुंग्यांचा बंदोबस्त पहिला

पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकतो. पानं हाताला चिकट लागतात ती याच्यामुळे, आणि नंतर त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते तीही याच्यामुळे. हे गोड थेंब मुंग्यांना हवे असतात. त्या बदल्यात मुंग्या त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात आणि पिल्लांना नव्या शेंड्यावर नेऊन सोडतात. जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली करत असेल, तर ती थांबेपर्यंत फवारणीचा फारसा उपयोग नाही.

कुंडीभोवती हळद टाकतात, लक्ष्मणरेषा ओढतात, डांबरगोळ्या ठेवतात. हळदीनं रांग वाट बदलते, वारूळ तसंच राहतं. मला उपयोगी पडलंय ते बोरिक पावडरचं आमिष. ही पावडर मेडिकलमध्ये मिळते. कॅरमवर टाकायला पूर्वीपासून वापरतात तीच. एक कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा बोरिक पावडर विरघळवायची, कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवायचा आणि ते झाकण मुंग्यांच्या वाटेवर. पावडर जास्त घालायचा मोह टाळा. प्रमाण कमी असेल तरच मुंगी वाटेत न मरता ते वारुळात नेते आणि बाकीच्यांना भरवते. पहिल्या दिवशी झाकणाभोवती मुंग्यांची जत्रा भरेल. तेच हवंय, झाडू फिरवू नका. बोळा वाळला की पुन्हा भिजवा. लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर झाकणाऐवजी बारीक भोकं पाडलेली डबी घ्या आणि कुंड्यांच्या मागे, हात पोचणार नाही अशी ठेवा.

दुसरा उपाय आजीच्या स्वयंपाकघरातला. दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तसंच कुंडीचं करा. तीन-चार पायांचा लोखंडी स्टँड आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. फक्त त्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि आठवड्यातून एकदा वाट्या घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक तपासणीला आले की पहिली नजर असल्या वाट्यांवरच जाते. आणि एवढं करून एखादी फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकलेली असेल, तर वाट्या कुचकामी. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. कुंडी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, फांद्या आवरा.

कुंडीची सजावट, म्हणजे किडीचं घर

गेल्या काही वर्षांत बाल्कनी सजवायची हौस वाढली आहे. छानच आहे. पण ज्या तीन गोष्टी सगळ्यात जास्त दिसतात, त्या तिन्ही पिठ्या ढेकणाच्या सोयीच्या आहेत: कुंडीला गोल गोल चिकटवलेली सुतळी, दोऱ्यांच्या गाठींचं विणलेलं शिंकाळं, आणि साध्या प्लास्टिकच्या कुंडीबाहेर दुसरी शोभेची सिरॅमिक कुंडी. सुतळीच्या दोन वेढ्यांमधली खाच अंड्यांच्या पिशवीला अगदी मापाची. रंगही असा की पांढरट-तपकिरी पुंजके दिसतच नाहीत. दोन कुंड्यांच्या मधल्या जागेत ओल, अंधार आणि मुंग्या, तिन्ही सुखानं नांदतात. झाड धुतलं, फवारलं, आणि कीड खालून पुन्हा चढली, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी ही शोभेची कुंडी एकदा उचलून आत बघावं. बघवत नाही.

याचा अर्थ कुंड्या ओक्याबोक्या ठेवा असा नाही. जास्वंद, क्रोटन, कढीपत्ता, तुळस अशा कीड धरणाऱ्या झाडांना गुळगुळीत, पुसता येणारी सजावट करा आणि सुतळीचे लाड मनी प्लँटच्या किंवा नुसत्या काचेच्या बाटलीचे पुरवा. मातीच्या कुंडीला सगळ्यात चांगला गेरू. नुसता पाण्यात कालवलेला गेरू पहिल्या पावसात वाहून जातो, म्हणून गेरू भिजवून दाटसर झाला की त्यात चमचा-दोन चमचे फेव्हिकॉल घालून ढवळायचं आणि रुंद ब्रशनं दोन हात द्यायचे. पहिला हात पूर्ण वाळू द्या. वर पांढऱ्या रंगानं वारली पद्धतीचे तारपावाले, झाडं, काहीही काढा. काड्यामोड्यांसारखी माणसं काढायला चित्रकला यावी लागत नाही, काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला की झालं. फक्त नक्षी कुंडीच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवा आणि खाली काठाशी गेरू मोकळा सोडा, कारण लाल पार्श्वभूमीवर पांढरा पुंजका लांबूनही दिसतो. कीड लवकर दिसणं हा अर्धा इलाज आहे. बाहेरून जाड ऑइलपेंट लावू नका. मातीच्या कुंडीच्या अंगातून जी ओल बाहेर पडते ती बंद होते आणि मुळं सडायला लागतात. तळाचं भोक रंगवताना बुजत नाही ना, एवढं बघा. तेलाचे पत्र्याचे डबे वापरणार असाल तर तळाला चार-पाच भोकं हवीतच आणि डब्याच्या दुमडलेल्या काठात जुनी टूथब्रश फिरवत जा, ती दुमड म्हणजेही एक खाच आहे.

ज्यांना सुतळी सोडवत नाही त्यांच्यासाठी तडजोड: सुतळी थेट कुंडीवर चिकटवू नका. कुंडी सैल बसेल असा पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा नळकांड्यासारखा घेर करून त्यावर गुंडाळा. महिन्यातून एकदा घेर काढून उन्हात टाकता येतो.

झाड साफ करायचं तेव्हा

मुंग्यांचं आमिष लागलं आणि कुंडी मोकळी झाली की झाडाकडे वळा. आधी कात्री. गुच्छ झालेले शेंडे सरळ होत नाहीत, त्यांच्यात औषधही शिरत नाही; ते निरोगी पेरापर्यंत खाली येऊन कापून टाका. जास्वंदीची फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीनं नुकसान नाही, उलट महिन्या-दीड महिन्यात भरगच्च कळ्या येतात. कापताना खाली जुना पेपर अंथरा आणि कापलेलं सगळं पेपरसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका आणि कोपऱ्यात ढीगही करू नका. पिल्लं चालत परत येतात. कात्री स्पिरिटनं पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा.

मग पाणी. पानाच्या खालच्या बाजूला, पेरांत आणि कळीच्या देठाशी जोरदार फवारा. कुंडीच्या मातीवर प्लास्टिक झाका, म्हणजे खाली पडलेली कीड मातीत जाणार नाही. उरलेले पुंजके कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक टिपा. स्पिरिटनं मेण विरघळतं आणि कीड जागच्या जागी मरते. काम किचकट आहे, पण दोन-चार कुंड्या असतील तर यासारखा खात्रीचा उपाय नाही. टीव्हीसमोर बसून शेंगा निवडतो तेवढाच वेळ लागतो.

फवारणीसाठी एक लिटर कोमट पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 ते 2 मिली भांड्यांचा द्रव साबण किंवा रिठ्याचं घट्ट पाणी. क्रम महत्त्वाचा: तेलात आधी साबण घोटायचा, मग थोडं थोडं पाणी. उलट केलंत तर तेल वर तरंगतं, पहिल्या अर्ध्या बाटलीत नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल पडून पानं भाजतात. थंडीत तेल गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी, उन्हात कधीच नाही. आधी दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. कपड्यांची पावडर वापरू नका, पानं करपतात. तेलाचा वास सहन होत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर करायचं आणि थोडा साबण.

कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची पावडर मिळते. ती किडीला रोग लावणारी बुरशी आहे, आणि तिला ओलावा लागतो. त्यामुळे पावसाळी, ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी तिचा गुण येतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी फवारली तर पैसे पाण्यात. मात्रा पाकिटावर असते. तिच्याबरोबर कुठलंही बुरशीनाशक मारायचं नाही, हे उघड आहे तरी लोक मारतात.

इमिडाक्लोप्रिडसारखी अंतर्प्रवाही औषधं मी घरच्या जास्वंदीला सुचवत नाही. कीड मरते, नाही असं नाही. पण ते औषध झाडाच्या रसात, फुलाच्या मधात उतरतं, आणि जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर दिवसभर येत असतात. शिवाय घरोघरी त्याच फुलांचा चहा होतो, तेल होतं, पानं डोक्याला चोळली जातात.

एक पांढरा किडा मारायचा नाही

साफसफाई करताना एक घोटाळा हमखास होतो. पुंजक्यांमध्ये एखादा पांढरा किडा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा असतो, अंगावर लांब लांब पांढरे झुपके आणि चांगला तुरुतुरु चालतो. तो पिठ्या ढेकूण नाही. त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आहे. क्रिप्टोलिमस असं त्याचं नाव, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये आपल्याकडे आणलेला. मोठा झाल्यावर काळपट, डोक्याकडून नारिंगी-तपकिरी असा छोटा गोल भुंगेरा होतो. पिठ्या ढेकूण जागेवरून जेमतेम हलतो, ही अळी पळते, एवढा फरक लक्षात ठेवा. अशा अळ्या दिसल्या तर त्या फांदीवर आठ-दहा दिवस काहीही फवारू नका. पुंजक्यात कधी मातकट-पांढरट चपटी अळी आणि नंतर माकडाच्या तोंडासारखा दिसणारा कोष सापडला, तर तोही आपलाच. एका लहान फुलपाखराचा आहे आणि त्याची अळी पिठ्या ढेकणावरच जगते. मुलांना दाखवा, फार गंमत वाटते त्यांना.

एवढं करूनही आला तर

कुंडी उपडी करून बघा. मातीचा गोळा अख्खा बाहेर काढला की मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पिठासारखी पूड दिसते का? मुळांवरची कीड असेल तर वरची फवारणी तिला लागत नाही. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, जुनी माती पिशवीत बांधून टाका, कुंडी साबणाच्या गरम पाण्यानं घासून दोन दिवस उन्हात तापवा आणि नव्या मातीत मूठभर निंबोळी पेंड घालून झाड लावा. मुंग्यांनी कुंडीतच वारूळ केलं असेल तरी हेच.

जुन्या, जाड खोडाच्या जास्वंदीला सालीत भेगा पडतात. द्राक्षबागेत खोडाची सुटलेली साल काढून खोड धुतात ते याच किडीसाठी. घरी मऊ ब्रशनं साबणाचं पाणी लावून सुटलेल्या सालीचे तुकडे काढा, आतली हिरवी साल मात्र खरवडू नका.

मग आजूबाजूला नजर टाका. गच्चीवरचं किंवा कंपाउंडमधलं गाजरगवत, वरच्या मजल्याच्या बाल्कनीतून लोंबणारी जास्वंद, वॉचमनच्या खोलीमागची पपई. वरच्या मजल्याशी हा विषय काढणं नाजूक असतं. तक्रार न करता बोरिकच्या आमिषाची एक डबी जास्तीची करून नेऊन द्या. देवापुढची फुलं कुंडीत टाकायची सवय असेल तर तीही थांबवा, बाजारातल्या फुलांच्या देठाशी काय आलंय ते आपण बघत नाही. नर्सरीतून किंवा मैत्रिणीकडून आणलेलं रोप तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, मग ते कितीही ताजं दिसो. आणि युरियाचा हात आवरा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर ही कीड तुटून पडते. रस्त्यालगतच्या बाल्कनीत पानांवर धूळ साचते, ती किडीच्या शत्रूंना मानवत नाही. आठवड्यातून एकदा पानं धुवा.

दोन महिने मनापासून करूनही झाड आकसलेलंच असेल आणि शेजारच्या कुंड्यांना कीड लागत असेल, तर ते झाड काढून टाकावं. त्याआधी एखादी स्वच्छ, पेन्सिलइतकी जाड फांदी शोधा. वीतभर काडी कापून पानं काढायची, साबणाच्या पाण्यातून आणि मग साध्या पाण्यातून काढायची आणि कोकोपीट-वाळूत खोचून सावलीत ठेवायची. जूनमध्ये केलंत तर पुढच्या गणपतीला नाही, पण त्याच्या पुढच्या गणपतीला घरची फुलं नक्की मिळतील. कुंडी मात्र दुसरी घ्या, किंवा तीच दोन दिवस तापवून, नवा गेरू देऊन.